एकाच मुळीची चार नावं

कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावात आमचं औषधांचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. या प्रकरणातल्या बाई प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, वय ६७. मला तिसरीला त्याच होत्या. त्यामुळे आजही त्या मला अरे-तुरे करतात आणि मी त्यांना बाई म्हणतो. त्यांच्या परवानगीनं लिहितो आहे, ओळख पटेल असे तपशील बदलून. लिहायचं कारण असं की बाईंना ज्यानं अंथरुणाला खिळवलं ते कुठलं भलतंसलतं औषध नव्हतं, ज्येष्ठमध होतं. आणि त्यातली एक बाटली माझ्याच हातून गेली होती.

बाईंना बारा वर्षांपासून रक्तदाबाचा त्रास. सकाळी ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम आणि क्लोरथॅलिडोन साडेबारा मिलिग्रॅम. क्लोरथॅलिडोन ही लघवी वाढवून मीठ बाहेर काढणारी गोळी. त्याशिवाय थायरॉइडसाठी उपाशीपोटी थायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम. गोळी चुकवणाऱ्यांतल्या त्या नाहीत. दर महिन्याला दुकानात येऊन रक्तदाब मोजून जायच्या आणि माझ्या वहीत वर्षानुवर्षं तोच आकडा पडायचा: वरचा १३० ते १३६, खालचा ८०-८४.

दिवाळी झाली आणि त्यांना कोरडा खोकला लागला. एरवी त्यांनी आठ दिवस वाट बघितली असती. पण मार्गशीर्षातले गुरुवार तोंडावर आले होते, त्यामागून माघातला हरिनाम सप्ताह, आणि बाई गावातल्या भजनी मंडळाच्या पुढच्या गळ्याच्या. आवाज बसून चालणार नव्हतं. मग त्यांनी कुणीही घरात करतो तेच केलं, फडताळ उघडलं.

तीन महिन्यांत काय काय झालं

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून बाई सकाळ-संध्याकाळ एकेक चमचा मुलेठी पावडर मधातून चाटू लागल्या. भजनाला बसताना गालात ज्येष्ठमधाची काडी. माझ्याकडून खोकल्याचं आयुर्वेदिक सिरप नेलं, दिवसातून तीनदा दोन-दोन चमचे. मुलगा अमेरिकेत, न्यू जर्सीला असतो. त्यानं दिवाळीला आणलेला घशासाठीचा हर्बल चहा दुपारी एकदा आणि झोपताना एकदा. खोकला पंधरा दिवसांत गेला. आवाज मात्र छान मोकळा वाटत होता, म्हणून बाकी सगळं चालूच राहिलं.

डिसेंबरात माझ्याकडे रक्तदाब भरला १५८/९२. मी म्हटलं, "बाई, डॉक्टरांना दाखवा." त्यांनी त्याच दिवशी दाखवलं. डॉक्टरांनी ॲम्लोडिपिन ५ चं १० केलं, जे कुणीही केलं असतं. तीन आठवड्यांनी पाय सुजले. घोट्यावर बोट दाबलं की खळगा राहायचा. ॲम्लोडिपिन १० वर गेलं की पाय सुजतातच, हे आम्हा औषधवाल्यांनाही पाठ असतं, त्यामुळे त्या सुजेचं कारण तिथंच मिळाल्यासारखं झालं आणि कुणी पुढं पाहिलं नाही.

मग पोट साफ होईना. त्यावर रात्री एक चमचा 'पोट साफ' चूर्ण. ते पुरेना म्हणून दोन. संक्रांतीला लेक पुण्याहून आठ महिन्यांच्या नातवाला घेऊन आली, बोरन्हाण करायचं होतं. त्या गडबडीत बाईंच्या पोटऱ्यांत रात्री असे गोळे यायला लागले की त्या ओरडून उठायच्या. मुलानं फोनवर मॅग्नेशियमच्या गोळ्या घ्यायला सांगितल्या, त्याही त्याच फडताळात होत्या. रक्तदाब १६४ झाला. बाईंनी मीठ जवळजवळ सोडलं. तरी खाली येईना.

सप्ताहाच्या चौथ्या दिवशी भजन संपलं, सगळे उठले, आणि बाईंना मांडी मोडून उठता येईना. दोघींनी काखेत हात घालून उभं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याचा तांब्या उचलताना हात थरथरला. लेकीनं मला फोन केला, "दादा, आईच्या अंगात जीवच नाहीये, शुगर कमी झाली असेल का?" शुगर ठीक होती. रक्तदाब १७४/९८. मी त्यांना जिल्ह्याच्या गावी पाठवलं.

तिथं रक्तातलं पोटॅशियम निघालं २.६. असायला हवं साडेतीन ते पाच. हृदयाच्या आलेखातही बदल दिसत होते. पोटॅशियम इतकं खाली गेलं की स्नायू ढिले पडतात, आतडी मंदावतात आणि हृदयाचे ठोके केव्हाही बिघडू शकतात. दोन दिवस भरती, शिरेतून आणि तोंडानं पोटॅशियम, क्लोरथॅलिडोन बंद.

"घरचंच"

दवाखान्यात त्यांना तिघांनी विचारलं होतं, "आणखी काही औषध चालू आहे का?" तिन्ही वेळा बाईंनी खरं तेच सांगितलं होतं: नाही. पुढं त्यांनी मला ते समजावलं. "अरे, औषध म्हणजे डॉक्टरनं लिहून दिलेलं. हे तर घरचंच."

चौथ्यांदा विचारलं ते रात्रपाळीच्या एका तरुण डॉक्टर मुलीनं, आणि तिनं प्रश्न फिरवला. "आजी, खोकल्याला काय घेत होतात? पोटाला काय घेता? सकाळी उठल्यावर काय, झोपताना काय?" बाईंनी सगळं सांगितलं. काड्या, पूड, चहा, सिरप, चूर्ण. त्या मुलीनं लेकीला घरी पाठवून प्रत्येक वस्तूच्या लेबलचा फोटो मागवला.

मी वीस-बावीस वर्षं गल्ल्यावर बसतो. गिऱ्हाईकाला "आणखी काय घेता?" हा प्रश्न मीही विचारत आलो आहे आणि "काही नाही" या उत्तरावर समाधान मानत आलो आहे. त्या मुलीनं विचारलं तसं मी कधी विचारलं नव्हतं. आता विचारतो. आजाराचं नाव घेऊन नाही, तर दिवसाचे प्रहर घेऊन: उठल्यावर, जेवणानंतर, झोपताना. उत्तरं वेगळीच येतात.

मुळी काय करते

मूत्रपिंडाला मीठ धरून ठेव आणि पोटॅशियम सोडून दे, असा निरोप देणारं एक संप्रेरक शरीरात असतं, अल्डोस्टेरॉन. ते ज्या जागी जाऊन निरोप देतं, तिथं कॉर्टिसॉल नावाचं दुसरं संप्रेरकही बसू शकतं, आणि कॉर्टिसॉल रक्तात कितीतरी पटींनी जास्त असतं. ते तिथं बसू नये म्हणून मूत्रपिंडानं दारावर एक विकर, म्हणजे एन्झाइम, ठेवलेलं आहे. ते कॉर्टिसॉलचं कॉर्टिसोन करून टाकतं आणि मग ते निरुपद्रवी होतं. ज्येष्ठमधाला गोडी देणारा ग्लिसिरायझिन हा घटक नेमका या राखणदाराला निकामी करतो. दार उघडं पडतं, कॉर्टिसॉल आत शिरून अल्डोस्टेरॉनचं काम करू लागतं. मीठ साठतं, मिठामागून पाणी साठतं, पाय सुजतात, दाब चढतो आणि पोटॅशियम लघवीवाटे वाहून जातं.

हे काही नव्यानं लागलेले शोध नाहीत. रेव्हर्स नावाच्या डच डॉक्टरांनी १९४६ साली पोटातल्या व्रणासाठी ज्येष्ठमधाचा अर्क दिला. व्रणाला गुण आला, पण काही रोग्यांच्या अंगावर सूज आली, आणि तिथून हा धागा सापडत गेला. म्हणजे मुळी कामाची आहे हेही खरं आणि ती असं करते हेही खरं. आपल्याकडे चरकांनी तिला कंठ्य द्रव्यांत बसवलं आहे, गळ्याला हितकर अशा दहांत. बाईंचा गळा मोकळा झाला तो उगाच नव्हे.

प्रश्न मात्रेचा आणि मुदतीचा होता. युरोपातल्या अन्नविषयक वैज्ञानिक समितीनं दिवसाला १०० मिलिग्रॅम ग्लिसिरायझिन ही नेहमीच्या सेवनाची वरची मर्यादा सुचवली आहे. युरोपच्या औषधकोशाला मुळीत किमान ४ टक्के हवं असतं. तेवढंच धरून मी बाईंच्या समोर हिशेब मांडला. चमचाभर पूड तीन ग्रॅम. दोन वेळा, सहा ग्रॅम. त्याचे ४ टक्के म्हणजे २४० मिलिग्रॅम. ही नुसती पूड. काडी, सिरप आणि दोन कप चहा यांचं गणित वेगळंच. असं अकरा आठवडे.

आणि त्यात भर दोघांची. क्लोरथॅलिडोन मुळातच पोटॅशियम बाहेर काढते. रात्रीच्या 'पोट साफ' चूर्णाचं लेबल आम्ही भिंग लावून वाचलं, तर पहिलंच नाव स्वर्णपत्री. स्वर्णपत्री म्हणजे सोनामुखी, सनाय. रोज घेतलेला रेचक आतड्यावाटे पोटॅशियम घालवतो. पोटॅशियम कमी झालं की आतडं सुस्तावतं, बद्धकोष्ठ होतं, आणि माणूस आणखी एक चमचा चूर्ण घेतो. बाईंचं नेमकं तेच झालं. एकट्या सोनामुखीनं किंवा एकट्या काडीनं त्या दवाखान्यात गेल्या नसत्या, असं मला वाटतं. तीन वाटांनी एकच गोष्ट गळत होती आणि प्रत्येक वाट वेगळ्या दुखण्याच्या नावानं उघडलेली होती.

फडताळ

बाई घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मी दुकान दुपारी बंद करून त्यांच्याकडे गेलो. जुना वाडा, स्वयंपाकघराच्या जाड भिंतीतलं लाकडी दाराचं फडताळ, चुलीच्या, म्हणजे आता गॅसच्या, अगदी शेजारी. दार उघडलं की आधी हिंग आणि कापराचा वास, त्यामागून जुन्या तेलाचा खवट दर्प. सतरंजीवर वर्तमानपत्र पसरलं आणि एकेक वस्तू काढून ठेवली. त्रेचाळीस भरल्या.

सोळा तर लगेच बाजूला काढाव्या लागल्या. मुदत संपलेल्या, नाहीतर लेबल पुसून गेलेल्या. चूर्णाला साधारण दोन वर्षं धरतात. आसव-अरिष्टं दहा वर्षंसुद्धा टिकतात. पण आमच्याकडच्या पावसाळ्यात गॅसशेजारच्या बरणीतलं चूर्ण दोन वर्षं कुठलं राहायला? सितोपलादीचा दगड झाला होता. सुंठीला भुंगा लागून बरणीच्या तळाशी पिठी साचली होती. हिरडा मात्र जसाच्या तसा.

सात वस्तू सरांच्या, बाईंच्या यजमानांच्या. ते जाऊन तीन वर्षं झाली. अर्धी अर्जुनारिष्टाची बाटली, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची पट्टी, गुडघ्यावरच्या काळ्या गोळ्यांची एक बिनलेबलाची पुडी. ती पुडी मी प्रथम उचलली. अशा निनावी सांधेदुखीच्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं, आणि तसं असलं तर त्या एकदम सोडणंही धोक्याचं असतं. बाईंनी ती कधी घेतली नव्हती, हे तीनदा विचारून खात्री करून घेतली. गोळ्यांची पट्टी हातात घेऊन त्या थोडा वेळ बसून राहिल्या. चार गोळ्या फोडलेल्या, सहा शिल्लक. "ही राहू दे," म्हणाल्या. मी म्हटलं, "राहू दे बाई, पण इथं नको." त्यांनी ती देवघराच्या खणात ठेवली, त्यांच्या चष्म्याच्या डबीत.

मग उरलेल्या विसांतून चार वस्तू मी ओळीनं मांडल्या. कागदाच्या पुडीतल्या काड्या, काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेल्या, वर पेन्सिलीनं लिहिलेलं: ज्येष्ठमध. ऑनलाइन मागवलेली पिशवी, तिच्यावर हिंदीत: मुलेठी. माझ्या दुकानातलं सिरप, मागे बारीक अक्षरांत: यष्टिमधु. अमेरिकेहून आलेला चहाचा डबा, त्यावर: लिकोरिस रूट.

"बाई, या चारही एकच."

त्यांनी चष्मा लावून चारही वाचल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी एकाच मुलाची चार वेळा हजेरी घेतली."

या सगळ्या प्रकरणातली अडचण मला तिथं जशी दिसली तशी आधी दिसली नव्हती. घरात औषध शिरतं ते दुखण्याच्या नावानं: हे खोकल्याचं, हे पोटाचं, हे आवाजाचं. बाटलीवर मोठ्या अक्षरात दुखणं असतं आणि मुळीचं नाव मागे, कधी संस्कृतात, कधी लॅटिनमध्ये, कधी हिंदीत. ॲलोपॅथीच्या गोळ्यांत दोन कंपन्यांची एकच गोळी दोनदा जाऊ नये म्हणून आम्ही डोळ्यांत तेल घालून बघतो. वनस्पतींच्या बाबतीत ते बघणारं कुणी नाही. आयुर्वेदिक औषध विकायला आपल्याकडे वेगळा विक्री परवानाही लागत नाही. ते किराणा दुकानात मिळतं, यात्रेत मिळतं, मोबाइलवरून घरपोच येतं. त्यामुळे हे बघणारा माणूस घरातच असायला हवा.

त्याच ओळीत आम्ही अविपत्तिकर चूर्णही ठेवलं. बाई ते पित्तासाठी घ्यायच्या, अधूनमधून. ग्रंथातल्या पाठाप्रमाणे त्याचा तिसरा हिस्सा निशोत्तर असतो, तोही रेचकच, आणि निम्मी साखर. म्हणजे पित्ताच्या नावानं आणखी एक रेचक. लवणभास्करही तिथंच होतं, मीठ जेवणातून सोडलेल्या बाईंच्या फडताळात. त्याच्या नावातच मीठ आहे, पण पचनाचं चूर्ण म्हटलं की ते नाव कानावरून जातं.

मुलानं आणलेल्या सहा बाटल्यांकडे मी सावकाश वळलो, कारण आईला पाठवलेल्या वस्तूला हात लावताना जपून लावावा लागतो. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, मॅग्नेशियम, केसांसाठी बायोटिन, मिरीचा अर्क घातलेलं हळदीचं सत्त्व, अश्वगंधेच्या गोड चघळगोळ्या, मल्टिव्हिटॅमिन. बायोटिन जास्त मात्रेत चालू असलं की थायरॉइडच्या काही तपासण्यांचे आकडे चुकतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१७ मध्ये तसा इशाराच दिला आहे. थायरॉक्सिनची मात्रा ज्या तपासणीवर ठरते तीच चुकली तर सगळं ओम्फस. अश्वगंधेनं थायरॉइडची संप्रेरकं वाढू शकतात. मल्टिव्हिटॅमिनमधलं लोह आणि कॅल्शियम थायरॉक्सिनला आतड्यातच अडवतं, दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. बाई दोन्ही एकदम घेत होत्या, "विसरायला नको म्हणून." हळदीच्या सत्त्वाबद्दल त्यांनी विचारलं, "हळद ती हळद, तिचं काय?" भाजीतली हळद वेगळी. मिरीचा अर्क घालून शोषण अनेक पटींनी वाढवलेलं सत्त्व वेगळं, त्यानं यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

गुळवेलीच्या गोळ्यांची बाटली २०२० सालची. त्या वर्षी कुणाच्या घरात नव्हती? मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबरात गुळवेल घेणारे सहा रोगी यकृताला सूज घेऊन आल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयानं हरकत घेतली, की गुळवेलीऐवजी तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असू शकते. वाद काहीही असो, गावातल्या लिंबावरून कुणी कापून आणलेली वेल कोणती, हे घरात बसून आपल्याला सांगता येत नाही. बाईंनी ती बाटली स्वतःहून टाकायच्या ढिगात सरकवली.

आणि एक गोष्ट, जी बाईंची नव्हती पण तिथंच सापडली. बाळगुटीचा डबा. वेखंड, मुरुडशेंग, हिरडा, बेहडा, जायफळ, मायफळ, अतिविष आणि त्यातही ज्येष्ठमधाचा तुकडा. बोरन्हाणाच्या दिवसांत नातवाला त्याचे दोन वळसे मधातून चाटवले होते. मी तिथं आवाज चढवला, ते मला नंतर लागलं. पण एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, बोटुलिझमच्या जंतूंचे बीजाणू त्यात असू शकतात आणि तान्ह्याचं आतडं ते परतवू शकत नाही. बाळाला काही झालं नव्हतं. कापराचा डबा मात्र मी त्याच क्षणी वरच्या फळीवर ठेवला. रांगतं मूल, आणि कापराचा छोटासा तुकडा पोटात गेला तरी झटके येऊ शकतात.

पुन्हा भरताना

आठवडाभरानं आम्ही फडताळ भरायला घेतलं. आम्ही म्हणजे बाई, लेक आणि मी, आणि फोनवर न्यू जर्सीचा मुलगा. जागा बदलली. गॅसशेजारून माजघरातल्या कोरड्या कपाटात. बरण्या लहान घेतल्या, पन्नास-शंभर ग्रॅम मावतील एवढ्याच. किलोभर सुंठ आणून ठेवण्यात कसली बचत, भुंग्यालाच जाते ती.

ठेवलं ते असं: ओवा, सुंठ, बडीशेप, हळद, हिंग, लवंग, त्रिफळा, सितोपलादीची नवी लहान बाटली, इसबगोल, मध, खोबरेल तेल, निलगिरीचं तेल, जीवनजलाच्या पुड्या. अंगणात तुळस, आलं आणि कोरफड आहेतच. कोरफडीचा गर भाजल्या-पोळल्यावर बाहेरून. सालीखालचा पिवळा चीक पोटात नको, तोही रेचक. सितोपलादीत निम्म्याहून थोडी जास्त खडीसाखर असते. बाईंना मधुमेह नाही म्हणून चाललं, शेजारच्या मधुमेही काकूंना वाटीतून द्यायची नाही, हे ठरलं. त्यात पिंपळीही असते. चरकांनी आपल्या संहितेतल्या विमानस्थान नावाच्या भागात ज्या तीन गोष्टी फार काळ, फार प्रमाणात वापरू नका म्हणून सांगितलं आहे त्यांत पिंपळी पहिली, मग क्षार, मग मीठ. ते बाईंना मी वाचून दाखवलं तेव्हा त्या बराच वेळ त्यावर बोलत होत्या. आपली परंपरा 'कितीही घ्या, अपाय नाही' असं कधीच म्हणत नव्हती, हे त्यांच्या मनात त्या दिवशी पक्कं बसलं, माझ्या हिशेबापेक्षा जास्त.

इसबगोलचं थोडं सविस्तर बोललो. सोनामुखीच्या जागी तेच आलं होतं. एक चमचा, पेलाभर पाण्यात, आणि वर आणखी पेलाभर पाणी. कोरडं गिळलं तर घशात फुगून अडकतं. थायरॉक्सिन सकाळी सहाला, इसबगोल रात्री, म्हणजे दोघांची गाठ नाही.

ज्येष्ठमध परत ठेवलं नाही. बाईंनी विचारलं, "नुसती काडी गालात? सप्ताहापुरती?" मी डॉक्टरांवर सोपवलं, डॉक्टर नाही म्हणाले. रक्तदाबाच्या रोग्याला ते नकोच, असं त्यांचं मत, आणि मलाही ते पटतं. गळ्यासाठी मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या आणि भजनाआधी दोन दिवस आवाजाला विश्रांती.

रक्ताचं सांगायचं राहिलं. ज्येष्ठमध बंद केलं तरी त्याचा अंमल लगेच उतरत नाही. दोन आठवड्यांनी पोटॅशियम ३.४, आणखी दहा दिवसांनी ४.१, तेव्हा बाहेरून पोटॅशियम देणंही थांबलं होतं. सूज गेली. ॲम्लोडिपिन पुन्हा ५ वर आलं, क्लोरथॅलिडोनच्या जागी डॉक्टरांनी दुसरी गोळी दिली. दीड महिन्यानं माझ्या वहीत पडलं १३४/८२. अल्डोस्टेरॉनच्या महागड्या तपासण्या करायचं घाटत होतं, त्या कराव्या लागल्या नाहीत. रक्तदाबाची गोळी मनानं बंद करू नका, हे मात्र मी बाईंना त्या काळात निदान दहा वेळा सांगितलं असेल, कारण "काडीमुळेच होतं ना सगळं?" हा प्रश्न त्यांच्या जिभेवर असायचा.

आयुर्वेदिक औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी यंत्रणा देशात आहे. तिचं राष्ट्रीय केंद्र दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे. आम्ही बाईंची नोंद पाठवली. दुकानात सिरप ठेवणं मी बंद केलेलं नाही, चांगलं आहे ते. त्याच्या कप्प्यावर आता पाटी लावली आहे: रक्तदाब, हृदय, मूत्रपिंडाची गोळी चालू असेल तर आधी बोला.

बाईंनी एक वही केली. शंभरपानी, लाल पट्टीनं रकाने आखलेले, शाळेच्या हजेरीपटासारखी. पहिला रकाना वस्तूचं नाव, दुसरा तिची बाकीची नावं, मग कोणासाठी, कशासाठी, कधी सुरू, कधी बंद. 'कधी बंद' हा रकाना सुरू करतानाच भरायचा, हा त्यांचाच नियम. मुलगा येताना काही आणणार असेल तर आधी लेबलचा फोटो पाठवतो, बाई तो वाचून वहीत उतरवतात आणि अडलं की मला फोन करतात.

हे सगळं लिहून झाल्यावर मी कागद त्यांच्याकडे नेऊन दिले. दुसऱ्या दिवशी परत आले ते लाल शाईच्या खुणांसह. 'यष्टिमधु'त मी ष्टि दीर्घ काढली होती, ती त्यांनी ऱ्हस्व केली होती. समासात लिहिलं होतं, "चारही नावं शुद्ध लिही. लोक हीच बघून बाटलीवर शोधणार आहेत."